पहाटे सहाचा पूर : धुळे, १८७२

इंग्रज अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये खानदेशातल्या महापुरांची हकिगत एका परिच्छेदात आटोपली आहे. त्यातल्या काही ओळी १८७२ सालच्या आहेत. त्या वर्षी गिरणा आणि पांझरा या दोन्ही नद्यांना एकदमच पूर आला. धुळे शहरातली ५०० घरे वाहून गेली. नदीच्या पलीकडच्या काठावरचे एक अख्खे गाव पाहता पाहता नाहीसे झाले. १५ सप्टेंबरला सकाळी सहा वाजता पांझरेतून सेकंदाला दीड लाख घनफूट पाणी वाहत होते. १५२ गावांचे नुकसान झाले, १६ लाख रुपयांची मालमत्ता गेली आणि सुमारे एक हजार माणसांना सरकारी व खाजगी मदतीवर जगवावे लागले.

पाणी घनफुटांत मोजलेले आहे, घरे मोजलेली आहेत, रुपयेही मोजलेले आहेत. नाहीशा झालेल्या गावाचे नाव मात्र त्या ओळीत नाही. किती माणसे गेली, तेही नाही.

तो दिवस रविवारचा होता. महिना भाद्रपद, शुद्ध पक्ष संपत आलेला आणि अनंत चतुर्दशी तोंडावर आलेली. सार्वजनिक गणेशोत्सव सुरू व्हायला अजून वीस वर्षे होती, पण घरोघरचे गणपती बसलेले होते. बाजरी कणसात आली होती, कपाशी फुलावर होती. खानदेशातला शेतकरी या सुमारास आकाशाकडे बघतो तो पाऊस पडावा म्हणून. उत्तरा नक्षत्राचा पाऊस रब्बीला ओल देतो, विहिरींना पाणी देतो. त्या वर्षी तो आला, आणि सोबत नदीही घेऊन आला.

धुळे तेव्हा फार मोठे गाव नव्हते. १८७२ हेच देशातल्या पहिल्या शिरगणतीचे साल. त्या वेळी गावाची वस्ती बारा हजारांच्या आसपास होती. पण त्या बारा हजारांमागे मोठी उलथापालथ होती. १८०३ च्या भयंकर दुष्काळात धुळे पार ओस पडले होते. पुढच्या वर्षी विंचूरकरांच्या पदरच्या बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने जिल्ह्याचे ठाणे म्हणून धुळे निवडले. जिल्ह्याच्या मध्यावरचे ठिकाण आणि आग्ऱ्याकडे जाणारा रस्ता, ही त्यामागची कारणे. ब्रिग्जने व्यापाऱ्यांना बोलावले, जागा दिल्या, नवी पेठ आखून घेतली. आजही धुळ्यात एक नंबरची गल्ली, पाच नंबरची गल्ली असे पत्ते सांगतात. जुने धुळे, नवे धुळे आणि मोगलाई पांझरेच्या दक्षिण काठाला, तर पलीकडे उत्तरेला देवपूर. एकवीरा देवीचे देऊळही त्याच पलीकडच्या काठावर, पाण्याच्या अगदी जवळ.

पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचे भाव आभाळाला भिडवले. १८६० नंतरच्या त्या चार-पाच वर्षांत खानदेशात जो पैसा खेळला, त्याने धुळ्याची बाजारपेठ भरली. आगगाडी मात्र अजून आली नव्हती. चाळीसगावहून धुळ्याला रेल्वे पोचली ती १९०० साली. म्हणजे १८७२ च्या त्या सकाळी धुळ्याला मदत यायची तर ती बैलगाडीने, घोड्यावरून किंवा पायी यायची.

गावातली बहुतेक घरे मातीची आणि वर धाब्याची. जाड भिंती, त्यावर लाकडी सरे, सऱ्यांवर काटक्या-फांद्यांचा थर आणि वरून मातीचा सपाट थर. दर पावसाळ्याच्या आधी धाब्यावर खारी माती टाकायची, ती चोपायची, की वर्षाची निश्चिंती. हे घर खानदेशच्या उन्हाळ्याला तोडीस तोड. बाहेर अंग भाजत असताना आत गारवा असतो. थोडाफार पाऊसही ते सोसते. पण पायाला पाणी लागून राहिले की त्याचा इलाज चालत नाही. भिंतीचा खालचा हात-दोन हात भाग भिजून मऊ होतो, वरच्या धाब्याचे वजन तसेच असते आणि भिंत खाली बसते. खानदेशात घर पडले असे न म्हणता घर बसले असे म्हणतात, ते याचसाठी. पाणी चढू लागल्यावर माणसे जिवाच्या भीतीने धाब्यावर चढतात. एरवी धाबे हीच सुरक्षित जागा, पुरात मात्र तेच खाली येते. त्यातच धान्य साठवायची पेवे जमिनीत. पेवात एकदा पाणी शिरले की घर वाचूनही वर्षाचे दाणे कुजले.

आता नदीकडे वळू. पांझरा उगम पावते साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या बाजूला, सह्याद्रीच्या रांगांत. साक्रीजवळ तिला कान नदी मिळते. पूर्वेला वाहत ती धुळ्याला येते, पुढे उत्तरेला वळते आणि मुडावदला कपिलेश्वराच्या देवळापाशी तापीत जाते. सगळा प्रवास सुमारे १६० किलोमीटरचा. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस उतारावरून धावत येतो, वाटेत त्याला मुरायला फारसा वाव मिळत नाही. काळ्या खडकाचा प्रदेश, वर मातीचा पातळ थर, आणि भाद्रपदापर्यंत ती माती आधीच पिऊन तृप्त झालेली. म्हणून उन्हाळ्यात जिच्या पात्रात झिरे खणून पाणी भरावे लागते, तीच नदी एका रात्रीत दोन्ही काठ सोडते. गिरणेचा उगमही त्याच रांगेत, थोडा दक्षिणेला कळवणच्या बाजूला. दोन्ही नद्या एकदम चढल्या याचा अर्थ पिंपळनेरपासून कळवणपर्यंतच्या सगळ्या माथ्यावर आभाळ एकाच वेळी फुटले असले पाहिजे.

या नदीशी लोकांनी शेकडो वर्षांचा एक करार केला होता. त्याचे नाव फड पद्धत. पांझरेवर ठिकठिकाणी दगडी बंधारे बांधलेले, त्यांतून पाट काढलेले आणि पाटाखालच्या शिवाराचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, पाणी पाटकऱ्याने वाटायचे, जागल्याने राखण करायची, आणि बंधारा फुटला तर सगळ्यांनी मिळून दुरुस्त करायचा. मला या बंधाऱ्यांबद्दल विशेष आदर वाटतो तो त्यांच्या उंचीमुळे. ते नदीला अडवण्याच्या भरीस पडत नाहीत. पात्रातला खडक बघून त्यावर बेताची भिंत घालायची, उन्हाळ्या-हिवाळ्याचे पाणी पाटात वळवायचे आणि पुराचे पाणी माथ्यावरून जाऊ द्यायचे. या काठांवर पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या माणसांना पुराची जात माहीत होती. नव्या पेठेत व्यापाराला आलेल्यांना ती माहीत असण्याचे कारण नव्हते.

१५ सप्टेंबरचा आकडा सकाळी सहाचा आहे, हे मला फार बोलके वाटते. सहा वाजता नदी एवढी भरली होती, म्हणजे ती चढली ती रात्रीच्या अंधारात. गाव झोपलेले. वरच्या गावांतून निरोप यायचा तर घोडेस्वारानेच यायचा, आणि रात्रीच्या चिखलात घोड्यापेक्षा पाणी लवकर पोचते. ‘नदीले पूर उना’ अशी हाक उठली असेल तेव्हा काठावरच्या गल्ल्यांत पाणी शिरलेलेच असणार. पुराचे पाणी एकटे कधी येत नाही. त्यात उपटलेली झाडे असतात, गोठ्यांचे वासे, कडब्याच्या गंजी, मेलेली गुरे असतात. नदी वळते तिथे, किंवा तिच्या वाटेत काही उभे असते तिथे हा सगळा गाळसाळ अडकतो, त्यामागे पाणी तुंबते आणि बाजूच्या वस्तीत घुसते. मग तो अडसर निसटतो आणि तुंबलेले पाणी एकदम खालच्या गावावर जाते. काठावरचे अख्खे गाव पाहता पाहता कसे नाहीसे होते, ते यावरून कळावे. मातीच्या भिंतींचे गाव विरघळले की मागे ओळखायला खूणही राहत नाही. जोत्याचे चार दगड राहतात, तेही गाळाखाली.

सेकंदाला दीड लाख घनफूट, म्हणजे आजच्या बोलीत दीड लाख क्युसेक. लिटरमध्ये सांगायचे तर सेकंदाला बेचाळीस लाखांहून जास्त. असा आकडा काढायची रीत म्हणजे पूर ओसरल्यावर काठांवर, भिंतींवर, झाडांच्या बुंध्यांवर पाण्याची जी रेघ राहते ती मोजायची, त्यावरून पात्राचा छेद काढायचा, नदीचा उतार बघायचा आणि वेगाचे गणित मांडायचे. असा आकडा थोडा इकडेतिकडे होऊ शकतो. तरी त्याचे मान ध्यानात यावे म्हणून अलीकडचा दाखला देतो. २०२४ च्या जुलैत खडकवासला धरणातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सुटले आणि पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांचे तळमजले बुडाले. धुळ्यातून त्या पहाटे गेले ते याच्या चौपटीहून जास्त, आणि घरे मातीची.

याच शतकात युरोपातले एक शहर असेच विरघळले होते, पण तिथे पावसाने नव्हे, बर्फाने. डॅन्यूब नदीच्या दोन काठांवर बुडा आणि पेश्त ही दोन शहरे होती, पुढे ती एक होऊन बुडापेस्ट झाले. थंड देशांत हिवाळ्यात नदीचा पृष्ठभाग गोठतो. वसंतात तो थर फुटतो आणि बर्फाचे मोठमोठे तक्ते प्रवाहाबरोबर निघतात. वळणाशी, बेटाशी, पुलाच्या खांबांशी ते एकमेकांवर चढून बसतात आणि नदीत आपोआप धरण उभे राहते. मागे पाणी फुगते, तेही पाऊस नसताना, काही तासांत. १८३८ च्या मार्चमध्ये डॅन्यूबला पेश्तच्या खालच्या अंगाला बर्फाने असेच अडवले, १३ तारखेच्या रात्री बांध फुटले आणि बर्फाळ पाणी शहरात शिरले. दोन हजारांहून जास्त घरे कोसळली. दीडशेच्या आसपास माणसे गेली. ती घरे कशाची होती? पुष्कळशी कच्च्या विटांची, मातीची. पाया भिजला आणि घर बसले, अगदी धुळ्यासारखे. मिक्लोश वेशेलेनी नावाचे तिथले सरदार होडीतून माणसे काढत फिरले, आणि त्यांची ती आठवण हंगेरीच्या लोकांनी आजवर जपली आहे. संगीतकार फ्रान्झ लिस्ट याने व्हिएन्नात कार्यक्रम करून पूरग्रस्तांसाठी पैसे उभे केले. त्यानंतर पेश्तमध्ये बांधकामाचे नियम बदलले, पक्क्या विटा आणि भक्कम पाया आला. आजही बुडापेस्टच्या जुन्या भिंतींवर १८३८ चे पाणी कुठवर आले होते ते दाखवणाऱ्या पाट्या आहेत. रस्त्याने जाणारे पोर बापाला विचारते, हे काय आहे, आणि बाप सांगतो.

खानदेशात नदी गोठत नाही. फार तर तोरणमाळ, डाब अशा सातपुड्यातल्या गावांत एखाद्या कडाक्याच्या थंडीत गवतावरचे दव गोठते आणि त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. पण नदीला अडवायला बर्फच लागतो असे नाही. नदीला नदीही अडवते. तापी भरली की तिला मिळणाऱ्या नद्यांचे पाणी पुढे सरकत नाही, मागे रेटले जाते. मुडावदला पांझरेचे, जळगावच्या खाली गिरणेचे, चांगदेवला पूर्णेचे असे होते. संगमावरची गावे दोन्ही बाजूंनी कोंडीत सापडतात.

तापीने हा हिसका आधी एकदा दाखवलाच होता. १८२२ साली ब्रिग्ज अजून खानदेशातच होता. होळकरांच्या स्वाऱ्या, पेंढारी, दुष्काळ यांनी उजाड झालेल्या मुलखात तो लोकांना परत आणून बसवत होता. ओस गावांत पुन्हा चुली पेटू लागल्या होत्या. त्या साली तापी चढली आणि काठची ६५ गावे पूर्ण वाहून गेली, ५० गावे अर्धीमुर्धी गेली, अडीच लाख रुपयांचे नुकसान झाले. परत आलेल्या माणसांनी पुन्हा सगळे मांडायचे. पन्नास वर्षांनी धुळे. आणि धुळ्याचा गाळ नीट उपसून होतो न होतो तोच १८७५ आणि १८७६ अशी लागोपाठ दोन वर्षे अरुणावतीच्या काठचे शिरपूर पुराने झोडपले. १८७६ हे साल महाराष्ट्राला आठवते ते मोठ्या दुष्काळाची सुरुवात म्हणून. दख्खनमध्ये माणसे अन्नावाचून मरायला लागली त्याच वर्षी शिरपूर पाण्यात होते.

इथे एका तरुण इंजिनियरची गोष्ट सांगायलाच हवी. १८८४ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि थोड्याच दिवसांत त्यांची नेमणूक धुळ्याकडे झाली. साक्री तालुक्यात दातर्तीला पांझरेच्या प्रवाहाखालून नळ टाकून पाटाचे पाणी पलीकडे न्यायचे, म्हणजे सायफन करायचा, हे त्यांचे सुरुवातीचे मोठे काम. पावसाळा होता. खणलेल्या जागी पूर येऊन वाळू भरायची. पावसाळा संपेपर्यंत काम थांबवावे असे त्यांनी वरिष्ठांना लिहिले. वरिष्ठांना ते रुचले नाही. मग तेविशीतल्या त्या मुलाने पावसात, पुरात ते काम पुरे केले. ती जागा दातर्तीला आजही दाखवतात. पुढे १९०८ च्या सप्टेंबरमध्ये मुसी नदीने हैदराबाद बुडवले, हजारो माणसे गेली आणि निजामाच्या सरकारने याच विश्वेश्वरय्यांना बोलावले. त्यांनी शहराच्या वर पाणी थोपवण्याची योजना आखली, त्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर उभे राहिले. डोंगरातून एका रात्रीत उतरणारी नदी म्हणजे काय, याचा पहिला धडा त्यांना हैदराबादच्या किती तरी आधी पांझरेने दिला होता.

आता पांझरेवर साक्री तालुक्यातच अक्कलपाड्याचे धरण आहे. गिरणेवर पांझणला धरण आहे, तापीवर भुसावळजवळ हतनूर, त्याचे ४१ दरवाजे. पावसाळ्यात हतनूरचे सगळे दरवाजे उघडल्याची बातमी जळगावकरांना नवी राहिलेली नाही. धरणांमुळे पुष्कळ पाणी थोपवता येते, सुटणार असेल तर तासन्‌तास आधी भोंगा वाजतो, मोबाइलवर निरोप येतो. १८७२ च्या धुळ्याकडे यातले काही नव्हते. पण धरण भरलेले असताना वर मोठा पाऊस झाला तर आलेले पाणी खाली सोडण्यावाचून गत्यंतर नसते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अक्कलपाड्यातून पाणी सुटले आणि पांझरा धुळ्यातल्या पुलांवरून वाहिली, शहर आणि देवपूर यांच्यातली वाहतूक थांबली. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस कन्नड घाटाच्या बाजूला एका रात्री असाच पाऊस कोसळला. तितूर आणि डोंगरी या एरवी नाल्यासारख्या वाटणाऱ्या नद्या चाळीसगावात शिरल्या. दुकाने बुडाली, दावणीची गुरे जागच्या जागी मेली, शेतांची माती खरडून गेली. तीही रात्रच होती.

महाराष्ट्राचे जलसंपदा खाते नदीकाठी दोन रेषा आखते. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणारा. दीडशे वर्षांपूर्वीचा तो आकडा या गणिताला फार मोलाचा आहे. ज्या आकड्यामागे कुणीतरी चिखलात उभे राहून भिंतीवरची रेघ मोजली, तो कागदावर पडून राहता कामा नये. खानदेशाला दुष्काळाची आठवण चांगली आहे. कोणत्या साली काय खाऊन दिवस काढले, हे घराघरांत सांगतात. पुराची आठवण मात्र पाणी ओसरले की आटते, आणि नदीच्या कोरड्या पात्रात पुन्हा टपऱ्या, भिंती, पत्र्याची शेडे उभी राहतात. धुळ्यात देवपुराच्या उतारावर, जुन्या गल्ल्यांच्या तोंडाशी, घाटाच्या दगडांवर १५ सप्टेंबर १८७२ ची पातळी हिशेबाने काढून ठळक रंगवली पाहिजे. महापालिकेने, जलसंपदा खात्याने आणि शहरातल्या इतिहासाच्या अभ्यासकांनी एकत्र बसून करण्याजोगे हे काम आहे, आणि त्याला फार पैसा लागत नाही. त्या रेषेच्या खाली आज किती घरे आहेत, किती शाळा आहेत, रात्री झोपलेली किती माणसे आहेत, हे मग मोजता येईल.